बेचाळिसावा

१ ऑक्टोबर

बावीस वर्षं मी पेपरात ‘दिनविशेष’ लिहितोय. पान चार, डावीकडे तळाशी, सात ओळी. या तारखेला जगात कोण जन्मलं, कोण गेलं, काय बुडालं, काय उडालं. आज संपादकसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “जगाच्या तारखा पुष्कळ झाल्या, आता एखादी स्वतःचीही लिहा. लग्न केलं नाहीत, निदान डायरी तरी करा.” ऑफिस हसलं. मीही हसलो, आणि येताना ही डायरी विकत घेऊन आलो.

तर स्वतःचं. विशेष काही नाही. घरी पोचलो तेव्हा दादा स्वयंपाकघरात ओट्याखाली उताणा पडून नळ दुरुस्त करत होता. तो नळ दोन वर्षं गळतोय. वहिनी सांगून सांगून थकल्या होत्या, आज यानं न सांगता मनावर घेतलं. मग मोरीच्या कडीला तेल घातलं, आईच्या चष्म्याची सैल दांडी आवळून दिली. मी म्हटलं, “काय रे, घर विकायला काढलंस की काय?” तो म्हणाला, “राहून गेलेली कामं होती.”

वहिनी नळाखालची बादली उचलून ओतून आल्या.

३ ऑक्टोबर

उद्याचं दिनविशेष देऊन आलो. चार ऑक्टोबर माझी लाडकी तारीख. १९५७ साली याच दिवशी माणसानं पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. पण माझा खरा जीव १५८२ वर. त्या वर्षी काही देशांनी कॅलेंडर दुरुस्त केलं, आणि चार ऑक्टोबरला झोपलेली माणसं उठली ती एकदम पंधरा ऑक्टोबरला. मधले दहा दिवस झालेच नाहीत. त्या दहा दिवसांत तिथे कुणी जन्मलं नाही, कुणी मेलं नाही.

जेवताना हे मी दरवर्षी सांगतो, त्यामुळे कुणी ऐकत नाही. या वेळी दादानं हातातला घास खाली ठेवला. “म्हणजे मधलं सगळं गायब? कुणी जाब नाही विचारला?”

“घरमालकांनी विचारला असेल. भाड्याचा.”

बऱ्याच दिवसांनी तो हसला. आई म्हणाली, “बाबांनो, हसा पण जेवा.” वहिनी उठून आत गेल्या. डोकं दुखतंय म्हणाल्या. संध्याकाळपासून त्यांचे डोळे लालच होते.

४ ऑक्टोबर

पलीकडच्या काठाला जाणारी सकाळची लाँच मधोमध उलटली. दादा गोदामाच्या कामावर रोज त्याच लाँचनं जातो. आताच धक्क्यावरून आलो, आईला सांगितलं. परत जातोय.

५ ऑक्टोबर

दादा मिळाला नाही.

धक्क्यावर ताडपत्री टाकलीय. ज्यांना बाहेर काढतात त्यांना तिच्यावर ओळीनं ठेवतात, आणि आम्ही नातेवाईक ओळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालतो. धुकं इतकं की पाण्यातली शोधाची होडी दिसत नाही, नुसतं इंजिन ऐकू येतं. तिकिटाच्या खिडकीवरच्या माणसाला दादाचं वर्णन सांगितलं. तो म्हणाला, “मी खिडकीतून हात बघतो हो. तोंडं कुठे बघतो?” वाईट नव्हता बिचारा. वर्णन त्यानं तिकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं.

वहिनी काल दिवसभर माझ्याबरोबर होत्या. प्रत्येक चेहऱ्यापाशी वाकून बघत होत्या, इतरांपेक्षा जास्त वेळ. रडल्या नाहीत. आज आल्या नाहीत. “तुम्हीच जा भाऊजी,” म्हणाल्या. धक्का बसलाय त्यांना.

ऑफिसातून वार्ताहर आला होता. सवयीनं त्यानं मला विचारलं, “किती ठार?” मग त्याच्या लक्षात आलं मी इथे का उभा आहे ते. बावीस वर्षांत हा शब्द मी किती वेळा लिहिला असेल. छोटा आहे, ओळीत बसतो, म्हणून आवडायचा.

७ ऑक्टोबर

पोलीस घरी आले होते. अंगावर काय होतं? वहिनी म्हणाल्या, “तपकिरी कोट.” शिपायानं मान वर केली. “थंडीचा? इतक्यात?” त्या म्हणाल्या, “हो. आणि नवे बूट.”

तेव्हापासून तो कोट माझ्या डोक्यातून जात नाही. जाड लोकरीचा, वडिलांच्या वेळचा, कोरडा असतानाच खांदे भरून यावेत असा. पाण्यात त्यानं दादाला दगडासारखं खाली नेलं असणार. अजून पंखा लावून झोपतोय आम्ही, आणि यानं नेमका त्याच दिवशी कोट घालावा. साध्या शर्टात असता तर पोहून बाहेर आला असता. लहानपणी मला पाठीवर घेऊन पोहायचा तो.

आई म्हणाली, जाताना दादानं तिच्या केसांवरून हात फिरवला. इतक्या वर्षांत कधी नाही. माणसाला मरणाची चाहूल लागते म्हणतात ते खरं असावं.

९ ऑक्टोबर

बेपत्ता माणसांचे फोटो पेपरात येणार आहेत, पान एकवर. जागा मी भांडून मिळवली. वहिनींकडे दादाचा फोटो मागितला. म्हणाल्या, “नाही.”

“कपाटावर आहे ना, स्टुडिओत काढलेला.”

“नको द्यायला.”

“वहिनी, कुणीतरी ओळखेल. कुठे वाहत गेला असेल, कुणी हॉस्पिटलात नेला असेल, शुद्ध नसेल...”

“फोटो छापायचा नाही, भाऊजी.” आणि फ्रेम उचलून आतल्या खोलीत घेऊन गेल्या. दार लावून घेतलं.

मी पुढे ताणलं नाही. नवऱ्याचा चेहरा बुडालेल्यांच्या रांगेत बघवत नसेल. मला ते सुचायला हवं होतं. बाकीचे फोटो छापून आले. दादाच्या जागी पान लावणाऱ्यानं पंपाच्या दुकानाची जाहिरात लावली.

१५ ऑक्टोबर

शोध थांबवला. एकेचाळीस मिळाले. त्यातल्या प्रत्येकाला नाव आहे, घर आहे. दादा कुठेच नाही.

चारनंतर एकदम पंधरा उजाडायला हवा होता. मधले दिवस आम्हाला नको होते.

आईचे डोळे अधू आहेत, म्हणून सकाळी पेपर मी वाचून दाखवतो. पहिल्यांदा माझा कोपरा, मग बाकीचं. आज तिनं विचारलं, “त्या लाँचचं काय आलंय?” मी म्हटलं, “शोध चालू आहे.” छापलंय एक आणि वाचलं दुसरंच, अशी माझी ही पहिली वेळ. तिला छापलेल्याइतकं दुसरं काही खरं वाटत नाही. वडील गेले तेसुद्धा तिनं पेपरात नाव आल्यावर मानलं होतं.

११ नोव्हेंबर

सरकारी कचेरीतून माणूस येऊन गेला. प्रेत नसलं तरी पत्नीनं सही केली तर दादाला मृतांत धरता येईल. पुढची सगळी कामं त्यानं सोपी होतील. मी वहिनींना समजावून सांगितलं. त्या भाजी चिरत होत्या, चिरतच राहिल्या. “मी सही करणार नाही.”

“पण वहिनी, घर चालायला...”

“मी काम बघितलंय. हॉस्पिटलच्या चादरींच्या खोलीत. सोमवारपासून.”

कचेरीतला माणूस जिना उतरताना मला म्हणाला, “आशा सोडवत नाही हो बायकांना.” मला भरून आलं. दादाचं नशीब म्हणायचं. आम्हा कुणाला वाटलं नव्हतं त्या दोघांचं एकमेकांवर इतकं असेल. घरात तर एकमेकांशी फारसं बोलतसुद्धा नसत.

नवी लाँच सुरू झाली. रंग पांढरा दिलाय.

३ डिसेंबर

आज दिनविशेषात पहिलं हृदयरोपण, १९६७. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “एकाचं काढून दुसऱ्याला? मग तो कुणाचा मुलगा म्हणायचा?”

ऑफिसात एक वाईट प्रकार झाला. जुनी कात्रणं सांभाळते तिला आम्ही कात्रणबाई म्हणतो. मनानं चांगली, पण तोंडावर ताबा नाही. दुपारी चहा घेताना मला बाजूला घेऊन म्हणाली, तिच्या मामेबहिणीनं आतल्या कुठल्याशा गावात एसटी स्टँडसमोर एक माणूस बघितला, अगदी तुमच्या दादांसारखा. रॉकेलच्या दुकानात मापं टाकत होता.

मी इतका चिडलो की कप बशीवर आपटला. “माझा भाऊ पाण्याखाली आहे. पुन्हा त्याचं नाव काढू नका.” सगळे बघायला लागले. ती रडकुंडीला आली. घरी येऊन वहिनींना सांगितलं, लोक किती निर्दय असतात ते. त्यांनी विचारलं, “कुठलं गाव म्हणाल्या?” मी म्हटलं, “ऐकलंसुद्धा नाही.” त्या म्हणाल्या, “बरं केलंत.”

१९ जानेवारी

कालपासून वहिनींचं काहीतरी बिनसलंय. काल हॉस्पिटलातून आल्या त्या थेट कपाटापाशी गेल्या. दादाचे शर्ट बाहेर काढले, कात्री घेतली आणि बटणं कापून काढली. एकूण एक. मग शर्टांची फडकी फाडली. आज त्यातल्या निळ्या शर्टानं त्या फरशी पुसत होत्या. मी दारातून बघत राहिलो. आईला दिसत नाही ते एका परीनं बरं.

कारण उघड आहे. चौकशी समितीचा अहवाल याच आठवड्यात आला. मृत एकेचाळीस, कायम. दादाचा साधा उल्लेखही नाही. त्यांनी कुठेतरी वाचलं असणार. दुःखाचं असंच होतं, कधी कुठून बाहेर पडेल सांगता येत नाही.

१५ एप्रिल

टायटॅनिक. दरवर्षी याच तारखेला लिहितो, आणि दरवर्षी कात्रणं काढली की आकडा वेगळा निघतो. एका ठिकाणी एक, दुसरीकडे चाळीस जास्त. मी ‘दीड हजारांवर’ लिहून मोकळा होतो. आजवर कुणी पत्र लिहून विचारलं नाही की ते ‘वर’ म्हणजे नक्की कोण.

आज लिहिता लिहिता मनात आलं. चार ऑक्टोबरला आपली लाँचही दिनविशेषात येणार. ती ओळ मीच लिहिणार. समितीनं नसेल धरलं, कचेरीनं नसेल धरलं, पण त्या सात ओळी माझ्या आहेत. बेचाळीस लिहीन.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी शांत झोप लागली. दुपारी, टेबलावरच. साहेबांनी उठवलं.

२२ ऑगस्ट

आई आज आपणहून म्हणाली, “त्याचे जुने बूट दाराशी आहेत ना, ते कुणाला तरी देऊन टाक. येता जाता पाय अडतो.” इतके महिने त्या बुटांना तिनं हात लावू दिला नव्हता. मी बूट कागदात गुंडाळले आणि ऑफिसच्या रखवालदाराला दिले. त्याला थोडे मोठे होतात, पण पुढे कापूस घालीन म्हणाला.

संध्याकाळी आई दोन घास जास्त जेवली. ज्या खुर्चीत ती रोज खिडकीशी वाट बघत बसायची, तीही हल्ली आत घेतलीय, दिव्याजवळ. तिनं मनाशी काहीतरी मिटवलंय. तसं तोंडानं बोलत नाही, पण मला कळतं.

३० सप्टेंबर

साहेबांना आधीच सांगून ठेवलं. ते म्हणाले, “सरकारी आकडा एकेचाळीस आहे.” मी म्हटलं, “माहीत आहे.” त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “तुमच्या सात ओळी. तुम्ही जाणा.”

३ ऑक्टोबर

नीट लिहितो. जे झालं ते झालं तसं.

दुपारी पानाचं प्रूफ हातात आलं. उपग्रह, ते दहा दिवस, आणि तिसरी नोंद: ‘गेल्या वर्षी याच दिवशी प्रवासी लाँच उलटून बेचाळीस जणांना जलसमाधी.’ ‘ठार’ लिहिलं नाही. शब्द लांब झाला म्हणून एका शास्त्रज्ञाचा जन्म काढून टाकला. वाटलं, हे सगळ्यात आधी वहिनींना दाखवावं. प्रूफ घडी घालून हॉस्पिटलात गेलो.

चादरींची खोली तळघरात आहे. छतापर्यंत घड्या, प्रत्येक घडीच्या कोपऱ्यावर निळ्या शाईत वॉर्डचा आकडा. शेजारच्या धुलाईखान्याच्या वाफेनं भिंती ओल्या. वहिनी उशांचे अभ्रे उलटे करत होत्या. मी प्रूफ दिलं. त्यांनी हात पुसले आणि उभ्या उभ्या वाचलं.

“बेचाळीस कोण?”

“दादा, वहिनी. दुसरं कोण?”

“एकेचाळीस करा.”

मी म्हटलं, “वर्ष झालं. मला तुमचं मन कळतं, पण किती दिवस आशा...”

“आशा नाही हो.” त्यांनी जाऊन दार लावलं. “तो लाँचवर नव्हता.”

दादाला ‘तो’ म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. त्यामुळे क्षणभर वाटलं दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत.

“आदल्या दिवशी मला सांगितलं होतं त्यानं. उद्या निघतो, परत यायचं नाही. भांडण नाही, तंटा नाही. नळाला नवा वॉशर घातलाय म्हणाला, चार-पाच वर्षं बघायला नको. जसं काही तेवढ्यासाठीच मी त्याच्याशी लग्न केलं होतं.” त्या एका गठ्ठ्यावर बसल्या. “दुसऱ्या दिवशी लाँच बुडाली. मला वाटलं त्याच लाँचनं निघाला असणार. धक्क्यावर एकेक चेहरा बघत होते मी. खरं सांगू? प्रत्येकापाशी वाकताना मनात म्हणत होते, हा असू दे. रात्रीपर्यंत मिळाला नाही, तेव्हापासून मनात होतं, तो चढलाच नसणार.”

धुलाईखान्यात कुणीतरी मोठ्यानं हसलं.

“जानेवारीत इथे फोन आला. मी इथे काम करते हे त्याला कुठून कळलं देव जाणे. आई कशी आहे विचारलं. मग म्हणाला, सगळ्यांना मी बुडालोच वाटतंय ना, तर तसंच राहू दे. सगळ्यांनाच सोपं जाईल.”

“कुठे आहे? कुणाबरोबर...”

“नाही विचारलं. मी विचारावं अशीच त्याची इच्छा होती, म्हणून नाही विचारलं.”

मी म्हटलं, “मला तरी सांगायचं होतं.” माझा आवाज मलाच लहान मुलासारखा वाटला.

“तुम्ही रडत होता भाऊजी. इतकं मनापासून रडत होता. आणि लोक मला दार उघडून ‘या, बसा’ म्हणत होते. टाकलेल्या बाईला बसा म्हणत नाहीत. तेवढं मी घेतलं. लबाडी असेल तर असू दे.” त्यांनी प्रूफाची घडी माझ्या हातात परत दिली. “पण सही केली नाही. त्याला मेलेलं व्हायचंय. मी होऊ देणार नाही. तुमच्या पेपरातून तर मुळीच नाही.”

मला राग यायला हवा होता. ताडपत्रीच्या कडेनं चालताना बघितलेले ते एकेचाळीस चेहरे तेवढे आठवत राहिले. त्यांच्या रांगेत दादाला झोपवायला निघालो होतो मी, न विचारता.

ऑफिसात परत आलो तेव्हा पान छपाईला सुटायला अजून अवकाश होता. कात्रणबाई आपल्या कोपऱ्यात डिंक लावत बसली होती. तिच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. तिनं वर बघितलं. त्या गावाचं नाव विचारायला तोंड उघडलं आणि म्हटलं, “कात्री आहे का?” तिनं दिली. मग ती काय करायची मला कळेना, तशीच परत ठेवली.

पान लावणाऱ्याला जाऊन सांगितलं, तिसऱ्या नोंदीत बेचाळीसचं एकेचाळीस कर. तो म्हणाला, “एकानं कमी? कुणी जिवंत सापडलं की काय?”

मी म्हटलं, “चूक होती.”

४ ऑक्टोबर

सकाळी आईला वाचून दाखवलं. उपग्रह वाचला, दहा दिवस वाचले. तिसरी नोंद गाळावी असं मनात होतं, पण मी कुठे थांबलो ते तिला लगेच कळतं. वाचली.

“किती म्हणालास?”

“एकेचाळीस.”

“परत वाच.”

परत वाचली. वहिनी कामावर जायला निघाल्या होत्या, पिशवी हातात घेऊन दारापाशी थांबल्या.

“म्हणजे आपला त्यात नाही,” आई म्हणाली.

मी वहिनींकडे बघितलं. त्या जमिनीकडे बघत होत्या.

“नाही,” मी म्हटलं.

“छापून आलंय ना तसं?”

“हो आई. छापून आलंय.”

ती मग दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरून उठली. “मी मेली काय काय धरून बसले होते. बूटसुद्धा देऊन टाकले त्याचे.” भिंतीला धरत धरत खिडकीपर्यंत गेली. “माझी खुर्ची इकडे आण रे. आणि त्याची गादी बाहेर काढा. वर्षभर कपाटात आहे, ओल धरली असेल.”

मी खुर्ची नेली. वहिनींना काहीतरी बोलायचं होतं, पण आईच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी पिशवी खाली ठेवली. आत जाऊन दादाची गादी काढली. एकटीला पेलवेना, तेव्हा दुसरं टोक मी धरलं. गॅलरीच्या कठड्यावर दोघांनी मिळून ती उन्हात घातली. एकमेकांकडे बघितलं नाही. मग त्या कामावर गेल्या, मी ऑफिसात गेलो. दिवसभर दादा माझ्या डोळ्यांसमोर होता, कोरडा, कुठल्याशा दुकानात मापं टाकत. समोर असता तर त्याच्या थोबाडीत मारली असती आणि मग गळ्यात पडलो असतो. कुठलं आधी, सांगता येत नाही.

संध्याकाळी परतलो तेव्हा गादी आत आणून अंथरली होती. वर धुतलेली चादर, कोपऱ्यावर निळ्या शाईतला आकडा. वहिनी स्वयंपाकघरात पाठमोऱ्या उभ्या होत्या.

आई खिडकीशीच बसली होती. दिवा लावू दिला नाही, म्हणाली आत उजेड असला की बाहेरचं दिसत नाही. तिला तसंही काही दिसत नाही.

“शेवटची लाँच आली का रे?”

“आली.”

“मग येईलच,” ती म्हणाली, आणि खुर्ची आणखी पुढे ओढून घेतली.